कार्ल लँडस्टायनर : मातेच्या कुशीला अभय देणारा शास्त्रज्ञ

भंडारा जिल्ह्यातील साकोली हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. चहूबाजूंना धानाची शेते, तलाव आणि पलीकडे नागझिऱ्याचे जंगल. या परिसरातील गरोदर स्त्री प्रथम तपासणीसाठी जाते, तेव्हा तिच्या हाती एक कार्ड दिले जाते. त्यावर नाव, वय, वजन, रक्तातील लोहाचे प्रमाण अशा नोंदी असतात आणि त्यांच्यासोबत एक लहानसा रकाना असतो : रक्तगट. त्या रकान्यात एक-दोन अक्षरे आणि एक चिन्ह लिहायचे असते. बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ते चिन्ह अधिकाचे असते. शंभरातील सुमारे पाच स्त्रियांच्या कार्डावर मात्र ते उणे असते. त्या एका चिन्हावर पुढच्या बालकाचे प्राण अवलंबून असू शकतात, याची जाणीव आजही अनेक घरांना नसते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. मुलगी माहेरी जाते, बाळ सुखरूप जन्मते, बारसे होते आणि तीन-चार महिन्यांनी ती बाळाला घेऊन सासरी परतते. दुसऱ्या खेपेस बाळंतपण सासरी होते. पहिल्या वेळचे कागद माहेरच्या पेटीतच राहिलेले असतात. दुसरे बाळ जन्मतःच पिवळे पडते, तिसरे पोटातच दगावते. मग कुजबुज सुरू होते. कुणी बाहेरची बाधा म्हणतो, कुणी पूर्वीच्या पापाची फेड म्हणतो, आणि बोट अखेर त्या स्त्रीकडेच वळते. पहिले मूल धडधाकट असताना पुढची का जगू नयेत, या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षे कुणापाशीच नव्हते. उत्तर नसले की दोष देणे सोपे जाते, आणि तो दोष मातेच्या पदरात पडत आला.

हे उत्तर ज्यांच्या संशोधनामुळे मिळाले त्या डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचे जीवन वाचकांनी जाणून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच. त्यांचा जन्मदिवस १४ जून हा २००४ सालापासून जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. रक्तदान शिबिराचे फलक त्या दिवशी सर्वत्र झळकतात, परंतु ज्यांच्या जन्माची ती तारीख आहे त्यांचे नाव क्वचितच उच्चारले जाते.

बालपण आणि शिक्षण

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे कायद्याचे पदवीधर आणि व्हिएन्नातील नामवंत पत्रकार व वृत्तपत्राचे प्रकाशक होते. कार्ल अवघे सहा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. आई फॅनी हिने एकटीने मुलाला वाढवले. या मायलेकांचे नाते इतके घट्ट होते की आईच्या मृत्यूनंतर तिच्या मुखाचा साचा घेऊन तयार केलेली प्रतिमा त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावली आणि ती त्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत तेथेच होती. मातांच्या आणि अर्भकांच्या रक्ताचे गूढ ज्याच्या कामामुळे उकलले, तो माणूस स्वतः एका विधवा मातेच्या कष्टांवर वाढला होता.

१८९० साली, वैद्यकीय शिक्षण चालू असताना, त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. आपल्या श्रद्धेविषयी ते फारसे बोलत नसत. मुळात ते कोणत्याच गोष्टीविषयी फारसे बोलत नसत. स्वभावाने ते अबोल, काहीसे उदास आणि स्वतःच्या कामाविषयी सदैव साशंक होते. पियानो उत्तम वाजवीत, पण श्रोत्यांसमोर बसण्याची त्यांना हौस नव्हती.

१८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी त्यांनी संपादन केली. पुढील काही वर्षे त्यांनी दवाखाना न थाटता रसायनशास्त्राच्या अभ्यासाला वाहून घेतली. त्यासाठी ते झुरिच, वुर्झबर्ग आणि म्युनिक येथील नामांकित रसायनतज्ज्ञांच्या प्रयोगशाळांत राहिले. शरीरातील घडामोडी शेवटी पदार्थांच्या घडामोडी आहेत आणि त्या समजून घ्यायच्या तर पदार्थांची भाषा शिकली पाहिजे, ही त्यांची धारणा होती.

शवागारातून रक्तगटांकडे

१८९८ पासून दहा वर्षे लँडस्टायनर व्हिएन्नाच्या विकृतिशास्त्र संस्थेत साहाय्यक म्हणून होते. या काळात त्यांनी सुमारे ३,६०० शवविच्छेदने केली. दिवसा मृतांच्या देहातून आजाराची कारणे शोधायची आणि उरलेल्या वेळात रक्तावर प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयोग होत असत, पण तो जुगार होता. कधी रोगी उठून बसे, तर कधी काही वेळातच तडफडून मरे. दोन माणसांचे रक्त एकत्र केले तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात, हे काहींनी पाहिले होते. परंतु ते आजाराचे लक्षण आहे असेच बहुतेकांचे मत होते. लँडस्टायनर यांनी साधा प्रश्न विचारला : निरोगी माणसांच्या रक्तातही असे घडते काय?

त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. प्रत्येकाच्या तांबड्या पेशी आणि रक्तरस वेगळा केला आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या रक्तरसाशी जुळवून पाहिल्या. काही ठिकाणी गुठळ्या झाल्या, काही ठिकाणी झाल्या नाहीत, आणि त्यात एक निश्चित नियम दिसून आला. १९०१ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. मानवी रक्ताचे तीन गट त्यात सांगितले होते. आज आपण त्यांना ए, बी आणि ओ म्हणतो. चौथा एबी गट पुढच्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. रक्त देण्याच्या उपचाराचे परिणाम इतके भिन्न का होतात, याचा उलगडा या निरीक्षणांतून होऊ शकेल, असे त्यांनी निबंधाच्या शेवटी संयमाने नमूद केले. कोट्यवधी लोकांचे प्राण वाचवणारा हा निबंध अवघ्या काही पानांचा होता.

या निबंधातील एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात राहिलेली नाही. त्यातील तक्त्यांत सहकाऱ्यांच्या रक्ताखेरीज नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्ताच्या आणि वारेतून घेतलेल्या नाळेच्या रक्ताच्याही नोंदी आहेत. आई आणि अर्भक यांचे रक्त शेजारी शेजारी ठेवून त्यांनी १९०१ सालीच पाहिले होते. परंतु त्या दोघांमधील खरा संघर्ष समोर येण्यास आणखी चाळीस वर्षे लागणार होती.

युद्ध, भूक आणि परदेश

१९०८ साली लँडस्टायनर व्हिएन्नाच्या एका मोठ्या रुग्णालयात विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी एर्विन पॉपर यांच्यासह त्यांनी आणखी एक मोलाचा शोध लावला. पोलिओने मृत्यू पावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूतील अंश माकडांमध्ये टोचून त्यांनी हा आजार संसर्गजन्य असल्याचे सिद्ध केले. पुढे पोलिओची लस तयार झाली, त्या वाटेवरचा हा एक आरंभीचा टप्पा होता.

१९१६ साली हेलेन व्लास्टो यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१७ साली पुत्र एर्न्स्ट जन्मला. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रियाचे साम्राज्य कोसळले होते आणि व्हिएन्नात अन्नाची व इंधनाची टंचाई होती. संशोधनासाठी पैसा नव्हता. १९१९ साली पन्नाशी ओलांडलेला हा शास्त्रज्ञ पत्नी व लहान मुलासह हॉलंडमधील हेग शहरी गेला. तेथील एका लहान कॅथलिक रुग्णालयात त्यांनी नोकरी पत्करली. लघवी आणि रक्ताच्या रोजच्या तपासण्या करणे हे त्यांचे काम होते. ज्यांच्या शोधावर जगभरचे शल्यचिकित्सक विसंबू लागले होते, ते स्वतः त्या काळात एका सामान्य तंत्रज्ञाचे काम विनातक्रार करीत होते, आणि उरलेल्या वेळात संशोधनही चालू ठेवीत होते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना निमंत्रण दिले आणि ते अमेरिकेला गेले. १९२७ साली फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी रक्तघटक शोधले. १९३० साली मानवी रक्तगटांच्या शोधाबद्दल त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या जीवनातील एक प्रसंग झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अमेरिकेतील नामांकित ज्यूंच्या परिचयग्रंथात आपले नाव येऊ नये, म्हणून १९३७ साली ते न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांची मागणी मान्य केली नाही. तो काळ हिटलरच्या राजवटीचा होता. रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली युरोपात ज्यू लोकांचा छळ चालू होता. त्या भयाच्या छायेत वृद्ध पित्याला आपल्या मुलाची काळजी वाटली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. तरीही आपल्या जन्मदात्यांच्या समाजापासून असे दूर सरणे अनेकांना खटकले. थोर माणसेही माणसेच असतात. विरोधाभास असा की रक्तावरून माणसांत भेद करणाऱ्यांना सर्वांत चोख उत्तर त्यांच्याच शोधाने दिले होते. ए, बी, ओ आणि एबी हे चारही गट जगातील बहुतेक सर्व समाजांत आढळतात. सख्ख्या भावाचे रक्त चालत नाही आणि परजातीच्या, परधर्माच्या अनोळखी माणसाचे चालते, असे रुग्णालयात नित्य घडते. जातीच्या भिंती रक्ताला ठाऊक नाहीत.

एका मातेचे दुःख आणि आरएच घटक

आता आपल्या मूळ विषयाकडे वळू. १९३७ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात पंचवीस वर्षांची एक स्त्री दुसऱ्या बाळंतपणासाठी आली. बाळ मृत जन्मले. रक्तस्राव फार झाल्याने तिला पतीचे रक्त देण्यात आले. दोघांचाही गट ओ होता. नियमानुसार रक्त जुळायला हवे होते. परंतु तिला तीव्र त्रास झाला. तिच्या रक्तरसाने पतीच्या पेशींच्या गुठळ्या केल्या. फिलिप लेव्हिन आणि रुफस स्टेट्सन यांनी १९३९ साली या घटनेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बाळाला पित्याकडून मिळालेल्या कोणत्या तरी अज्ञात घटकाविरुद्ध मातेच्या शरीराने प्रतिकार केला असावा, असा तर्क त्यांनी मांडला, परंतु त्या घटकाला नाव दिले नाही.

लँडस्टायनर १९३९ साली सेवानिवृत्त झाले होते, पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नव्हती. अलेक्झांडर वीनर या तरुण डॉक्टरांसमवेत ते ऱ्हिसस जातीच्या माकडांच्या तांबड्या पेशी सशांना टोचून त्यांच्या रक्तरसाचा अभ्यास करीत होते. त्या रक्तरसाने न्यूयॉर्कमधील सुमारे ८५ टक्के गोऱ्या लोकांच्या रक्तात गुठळ्या केल्या, उरलेल्यांच्या केल्या नाहीत. १९४० साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली आणि माकडाच्या नावातील आद्य अक्षरांवरून घटकाला आरएच हे नाव दिले. हा घटक ज्याच्या पेशींवर आहे तो आरएच पॉझिटिव्ह आणि ज्याच्या पेशींवर नाही तो आरएच निगेटिव्ह. पुढे असे दिसून आले की सशांच्या रक्तरसाने ओळखलेला घटक मानवी आरएच घटकाहून किंचित वेगळा होता. त्या वेगळ्या घटकाला लँडस्टायनर आणि वीनर यांच्याच नावांची आद्याक्षरे देण्यात आली. आरएच हे नाव मात्र कायम राहिले.

१९४१ साली लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखळीचा शेवटचा दुवा जोडला. माता आरएच निगेटिव्ह असेल, पिता पॉझिटिव्ह असेल आणि बाळाने पित्याचा गट घेतला असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही पेशी मातेच्या रक्तात मिसळतात. मातेचे शरीर त्यांना परके समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तोवर पहिले बाळ जन्मलेले असते, म्हणून ते बहुधा सुखरूप राहते. पुढच्या गरोदरपणी मात्र तीच प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी नष्ट करू लागतात. बाळाला रक्तक्षय होतो, जन्मल्यावर तीव्र कावीळ होते, कधी ते पोटातच दगावते.

पहिले मूल धडधाकट आणि पुढची का जगत नाहीत, या जुन्या प्रश्नाचे हे उत्तर होते. त्यात बाधा नव्हती, पाप नव्हते, कुणाचाही दोष नव्हता. पित्याकडून बाळाला एक देणगी मिळाली होती आणि आईचे शरीर ती ओळखू शकले नव्हते, एवढेच. शतकानुशतके मातांच्या माथी मारलेला कलंक यामुळे पुसला गेला.

अखेर आणि वारसा

२४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करीत असतानाच लँडस्टायनर यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या वेळी त्यांच्या हातात पिपेट होती. दोन दिवसांनी, २६ जून रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर त्यांचे दफन झाले. मातेच्या दुःखाचे कारण त्यांना दिसले होते. त्यावरचा उपाय पाहण्यासाठी ते राहिले नाहीत.

उपाय टप्प्याटप्प्याने आला. १९४५ साली इंग्लंडमध्ये कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी रक्तातील ही प्रतिपिंडे हुडकून काढणारी चाचणी शोधली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९६३ साली न्यूझीलंडचे डॉ. विल्यम लायली यांनी आजारी बाळाला मातेच्या उदरातच रक्त देऊन दाखवले. जन्मापूर्वीचे बालक हाही एक रुग्ण आहे, हे वैद्यकशास्त्राने तेव्हा प्रत्यक्ष कृतीने मान्य केले. हेच डॉ. लायली पुढे व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच दशकात इंग्लंडमधील लिव्हरपूल आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील संशोधकांनी अँटी-डी इंजेक्शन सिद्ध केले आणि १९६८ साली ते उपयोगात आले. बाळाच्या ज्या पेशी मातेच्या रक्तात शिरतात, त्या तिच्या शरीराला ओळख पटण्याआधीच हे औषध नाहीशा करते. विशेष म्हणजे हे औषध ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे आधीच आहेत अशा दात्यांच्या रक्तद्रवापासून बनवतात. जे एका बाळाला मारक ठरले असते, तेच दानातून दुसऱ्या बाळाला तारक होते.

लँडस्टायनर यांनी सुरू केलेल्या या परंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५२ साली मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी एक अत्यंत दुर्मीळ रक्तगट शोधला. तो जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. या व्यक्तींना त्याच गटाच्या दात्याखेरीज कुणाचेही रक्त चालत नाही. साध्या चाचणीत त्यांचा गट ओ असल्याचे भासते, म्हणून रक्त देण्यापूर्वी ते प्रत्यक्ष जुळवून पाहणे अत्यावश्यक असते.

साकोलीच्या घराघरांसाठी

हे सारे आपल्या संसाराशी कसे निगडित आहे? विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वेळी तरुण-तरुणी नेहमी विचारतात, की वधू-वरांचा रक्तगट एकच असेल तर मुलांत व्यंग येते काय? तसे मुळीच नाही. रक्तगट समान असणे हे कोणत्याही व्यंगाचे कारण नाही. पत्नी आरएच पॉझिटिव्ह असेल, तर पतीचा गट कोणताही असला तरी हा धोका नाही. पती-पत्नी दोघेही निगेटिव्ह असतील तरीही नाही. पत्नी निगेटिव्ह आणि पती पॉझिटिव्ह असेल, तेव्हाच दक्षता घ्यावी लागते. या कारणावरून ठरलेले लग्न मोडणे किंवा आलेला गर्भ नाकारणे याला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. उपाय हाताशी आहे.

निगेटिव्ह मातेची कूम्ब्स चाचणी वेळेवर करून घ्यावी. तिच्या रक्तात प्रतिपिंडे नसतील, तर सातव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटी-डी दिले जाते. जन्मताच बाळाचा रक्तगट तपासावा आणि तो पॉझिटिव्ह निघाल्यास मातेला ७२ तासांच्या आत हे इंजेक्शन मिळाले पाहिजे. गर्भ आपोआप पडला, किंवा गरोदरपणी पोटाला मार लागला, तरी डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यावी. इंजेक्शन न घेतल्यास अशा शंभर मातांपैकी सुमारे सोळा जणींच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण होतात. प्रसूतीनंतर ते वेळेवर घेतल्यास हे प्रमाण दोनच्याही खाली येते. एकदा प्रतिपिंडे निर्माण झाली की या इंजेक्शनाचा उपयोग राहत नाही. मग मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच गरोदरपण पार पाडावे लागते.

म्हणून सासू-सासऱ्यांना आणि जावईबापूंना कळकळीची विनंती आहे, की लेक बाळंतपणासाठी माहेरी जाताना लुगडी-चोळी आणि लाडवांच्या डब्यासोबत तिचे तपासणीचे कार्डही द्यावे. माहेरच्यांनी ते परत पाठवताना इंजेक्शनाची नोंद झाली आहे ना, हे पाहावे. पतीनेही आपला रक्तगट तपासून त्या कार्डावर लिहवून घ्यावा. ही केवळ स्त्रीची जबाबदारी नाही. रोवणीच्या धांदलीत भंडाऱ्याची फेरी पुढे ढकलली, तर ७२ तास सहज निघून जातात, आणि त्या चुकीची किंमत त्या क्षणी कळत नाही. ती दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या पाळण्यापाशी कळते.

आणि ज्या घरांत अशी बालके पूर्वी गेली आहेत, त्या घरांतील माता आज आजी झाल्या असतील. त्यांच्यापैकी कुणी अजून मनात अपराधाचे ओझे वाहत असेल, तर तिच्याजवळ बसून तिला सांगावे, की आई, तुमचा दोष नव्हता. व्हिएन्नाच्या एका अबोल डॉक्टराने आयुष्यभर केलेल्या कामाचे सार एवढेच आहे. ते तिच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम आपल्याकडे आले आहे.